कॉम्प्युटर दुरुस्ती, डेटा रिकव्हरी आणि डिजिटल फॉरेन्सिक : कायदा काय सांगतो?

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून तो दुरुस्तीच्या दुकानात दिला जातो. काउंटरवरचा माणूस पावती फाडतो, पासवर्ड विचारतो आणि तो पावतीच्या मागेच लिहून ठेवतो. त्या क्षणी यंत्राबरोबर आणखी बरेच काही दुकानात जाते. घरचे फोटो, बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कधी कार्यालयाची कागदपत्रे, कधी एखाद्या खटल्यातला एकमेव पुरावा.

या डेटाला दुकानातल्या कारागिराने कुठवर हात लावायचा, डेटा गेला किंवा बाहेर फुटला तर जबाबदार कोण, आणि त्याच हार्ड डिस्कमधली फाइल उद्या न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल का, या प्रश्नांची उत्तरे भारतात एकाच कायद्यात सापडत नाहीत. ती माहिती तंत्रज्ञान कायदा, करार कायदा, ग्राहक संरक्षण कायदा, भारतीय साक्ष अधिनियम आणि डेटा संरक्षण कायदा यांत विखुरलेली आहेत.

तीन कामे, तीन वेगळ्या जबाबदाऱ्या

दुरुस्ती, डेटा रिकव्हरी आणि डिजिटल फॉरेन्सिक ही कामे बाहेरून सारखी दिसतात. अनेकदा एकच माणूस तिन्ही करतो. पण त्यांचे हेतू वेगळे आहेत.

दुरुस्तीचा हेतू यंत्र चालू करणे हा असतो. स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, रॅम बदलणे किंवा विंडोज पुन्हा टाकणे यासाठी ग्राहकाच्या फाइल उघडून पाहण्याची गरज सहसा पडत नाही.

डेटा रिकव्हरीत यंत्रापेक्षा आतली माहिती महत्त्वाची असते. खराब झालेल्या हार्ड डिस्क, एसएसडी किंवा पेनड्राइव्हमधून फाइल परत मिळवायच्या असतात. इथे तंत्रज्ञाला डेटा हाताळावाच लागतो, आणि फाइल नीट उघडतात की नाही हे तपासावेही लागते.

डिजिटल फॉरेन्सिकमध्ये फाइल मिळणे पुरेसे नसते. ती कोणत्या उपकरणातून आली, कधी तयार झाली, मधल्या काळात तिच्यात बदल झाला का, हे न्यायालयाला पटेल अशा रीतीने सिद्ध करावे लागते. म्हणून या कामात प्रत्येक पायरीची नोंद ठेवावी लागते.

दुरुस्तीसाठी योग्य असलेली कृती फॉरेन्सिकच्या दृष्टीने घातक ठरू शकते. विंडोज पुन्हा टाकले की यंत्र चालू होते, पण जुन्या नोंदी पुसल्या जातात. बहुतेक वाद या गोंधळातूनच निर्माण होतात.

परवाना लागतो का?

कॉम्प्युटर दुरुस्ती किंवा डेटा रिकव्हरीसाठी भारतात खास व्यावसायिक परवाना नाही. डॉक्टर, वकील किंवा सनदी लेखापाल यांच्यासारखी नोंदणी परिषदही नाही. दुकानाला लागू होतात ते सर्वसाधारण नियम. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते. कामगारांची संख्या कायद्यातील मर्यादेपर्यंत पोहोचली तर नोंदणी करावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते.

खासगी गुप्तहेरांसाठीही देशात स्वतंत्र परवाना कायदा नाही. खासगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्था कायदा सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांपुरता आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने वेगळा मार्ग धरला होता. २००७ मध्ये तेथील कायद्यात बदल करून, सार्वजनिक नसलेल्या कॉम्प्युटर डेटाचे परीक्षण करून माहिती मिळवणे हे खासगी तपासनीसाच्या कामात धरण्यात आले. असा परवाना मिळवण्यासाठी गुन्हे-न्यायशास्त्राची पदवी किंवा परवानाधारक तपासनीसाकडे तीन वर्षांचा अनुभव लागत असे. व्हायरस कुठून आला हे शोधणाऱ्या साध्या दुरुस्तीवाल्यालाही हा नियम लागू होईल, अशी भीती निर्माण झाली. २००८ मध्ये काही दुरुस्ती व्यावसायिकांच्या वतीने इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने न्यायालयात दावा केला. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशननेही फॉरेन्सिक तज्ज्ञांवर खासगी तपासनीसाच्या परवान्याची सक्ती करू नये असा ठराव केला. त्यांचा मुद्दा असा होता की, कोणाचा पाठलाग कसा करावा याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला हार्ड डिस्कचे विश्लेषण येतेच असे नाही.

ब्रिटनने व्यक्तीला परवाना देण्याऐवजी कामाचा दर्जा ठरवण्याचा मार्ग निवडला. २०२१ च्या कायद्याने फॉरेन्सिक सायन्स रेग्युलेटर या पदाला वैधानिक अधिकार मिळाले आणि त्याची आचारसंहिता ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

भारतात दुकानाच्या दारावर परवाना विचारला जात नाही. कायद्याचा हात पडतो तो प्रत्यक्ष कृतीवर, म्हणजे परवानगीशिवाय काय केले यावर.

परवानगी हा कायद्याचा पाया

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यात मोठी दुरुस्ती झाली ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. या कायद्याचे कलम ४३ या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे. कॉम्प्युटरचा मालक किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे अशी व्यक्ती, यांच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणे, त्यातील डेटा उतरवून घेणे किंवा त्याची प्रत काढणे, व्हायरस सोडणे, डेटा पुसणे किंवा बदलणे, या सर्वांसाठी नुकसानभरपाई द्यावी लागते.

ग्राहक स्वतः यंत्र आणून देतो, म्हणजे परवानगी आलीच, असा समज आहे. पण ही परवानगी कामापुरती असते. कीबोर्ड बदलण्यासाठी दिलेल्या लॅपटॉपमधला फोटोंचा फोल्डर उघडणे त्या परवानगीत बसत नाही. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेणे तर मुळीच बसत नाही.

हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ लागते. मग मामला भरपाईपुरता राहत नाही, तो गुन्हा ठरतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हात चुकून फाइल उडणे आणि मुद्दाम फाइल चोरणे यांत कायदा असा फरक करतो.

वस्तू दुकानात असताना जबाबदारी कोणाची?

दुरुस्तीसाठी दिलेला लॅपटॉप दुकानदाराच्या मालकीचा होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अशा व्यवहाराला निक्षेप म्हटले आहे. ठराविक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि काम झाल्यावर परत घ्यायची, असा हा करार असतो. कलम १५१ नुसार, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी दुकानदाराने घेतली पाहिजे. दुकानातून लॅपटॉप चोरीला गेला, तर ‘आम्ही जबाबदार नाही’ असे पावतीवर छापलेले असले म्हणून प्रश्न तिथे संपत नाही. काळजी घेतली होती का, हे तपासले जाते.

दुकानदारालाही एक हक्क आहे. कलम १७० नुसार, वस्तूवर कौशल्य किंवा श्रम खर्च केले असतील आणि उलट काही ठरलेले नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यात उदाहरण आहे ते पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिलेल्या हिऱ्याचे. पण हा हक्क यंत्र ताब्यात ठेवण्यापुरता आहे. बिल थकले म्हणून ग्राहकाचे फोटो बाहेर टाकण्याची धमकी देणे हा खंडणीचा प्रकार होतो.

दुरुस्तीच्या ओघात विनापरवाना सॉफ्टवेअर टाकून देण्याची पद्धतही सर्रास दिसते. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ब नुसार, चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही तिचा कॉम्प्युटरवर वापर करणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हे कलम वापरणाऱ्याला, म्हणजे ग्राहकालाही लागू होते.

गोपनीयता : भीती कितपत खरी?

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची चाचणी घेतली. वापराची गुप्त नोंद ठेवणारे लॅपटॉप त्यांनी ऑन्टारिओ प्रांतातील दुरुस्ती केंद्रांत दिले. १६ पैकी ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी कामाशी संबंध नसलेला खासगी डेटा उघडून पाहिला होता. दोन ठिकाणी तो दुसऱ्या उपकरणावर उतरवून घेतला होता.

हाँगकाँगमध्ये २००८ साली अभिनेता एडिसन चेन याची खासगी छायाचित्रे इंटरनेटवर पसरली. ती त्याने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून काढलेली होती. त्या प्रकरणी एका कॉम्प्युटर तंत्रज्ञाला २००९ मध्ये साडेआठ महिन्यांची कैद झाली. त्या छायाचित्रांतील स्त्रियांना मात्र सार्वजनिक बदनामीला तोंड द्यावे लागले आणि काहींच्या कारकिर्दीवर त्याचा परिणाम झाला.

भारतात अशा वेळी पुढील तरतुदी लागू होऊ शकतात.

कलम ७२अ : करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती, संबंधिताचे नुकसान करण्याच्या किंवा स्वतःचा गैरफायदा साधण्याच्या हेतूने, संमतीशिवाय उघड करणे. दुरुस्तीची पावती हा असा करारच असतो. मूळ कलमात पैशाच्या रूपातील शिक्षेची मर्यादा पाच लाख रुपये होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती २५ लाखांवर नेली.

कलम ६६ई : व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशी चित्रे पसरवल्यास कलम ६७ आणि ६७अ ही अश्लील मजकुराची कलमेही लागू शकतात.

कलम ४३अ : संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेने सुरक्षिततेत हयगय केल्यास भरपाई. इथे संस्था म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. एका मालकाचे दुकानही या व्याख्येत येते. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची जी यादी आहे, तिच्यात आर्थिक माहिती, वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक यांच्याबरोबर पासवर्डचाही समावेश आहे. पावतीच्या मागे लिहिलेला पासवर्ड कायद्याच्या भाषेत संवेदनशील माहिती आहे.

कलम ४३अ ची जागा पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घेणार आहे. हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. एखाद्या कंपनीने आपला बिघडलेला सर्व्हर रिकव्हरीसाठी बाहेर दिला, तर त्यातील ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी मूळ कंपनीवरच राहते. रिकव्हरी करणाऱ्याशी तिने रीतसर करार करणे अपेक्षित आहे. सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेतल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुरुस्ती करताना गुन्ह्याचा पुरावा दिसला तर?

ग्राहकाच्या यंत्रात दिसणाऱ्या प्रत्येक संशयास्पद गोष्टीची खबर द्यावी, असे दुरुस्तीवाल्यावर सरसकट बंधन नाही. मात्र बालकांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत ते आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना दिली पाहिजे. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. प्रामाणिक हेतूने खबर देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे.

असे साहित्य दिसले तर पुरावा म्हणून त्याची प्रत स्वतःकडे काढून ठेवणे ही मोठी चूक ठरते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये असे साहित्य उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असे साहित्य जवळ बाळगण्याबाबतची कलमे कडकपणे वाचली आहेत. काम थांबवावे, यंत्र आहे तसे ठेवावे आणि पोलिसांना कळवावे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

उलट बाजूची जोखीमही आहे. ‘उद्या पोलीस येणार आहेत, आजच डिस्क साफ करून द्या’ अशी मागणी कोणी केली आणि कारागिराने ती कारण माहीत असताना मान्य केली, तर तोही अडकतो. पुरावा म्हणून हजर होऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

डेटा रिकव्हरी : पहिला प्रयत्न महत्त्वाचा

फाइल डिलीट केली तरी ती लगेच नष्ट होत नाही. साध्या हार्ड डिस्कवर तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदवली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. म्हणून डेटा गेल्यावर यंत्र वापरत राहणे, त्याच डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकणे किंवा डिस्क दुरुस्तीची आज्ञा चालवणे नुकसानकारक ठरते. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते. तिच्यामुळे डिलीट केलेल्या फाइलची जागा आतूनच साफ केली जाते आणि परत मिळण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. हार्ड डिस्कचे हेड खराब झाले असेल तर ती धूळविरहित जागेतच उघडावी लागते. साध्या टेबलावर उघडलेली डिस्क पुढच्या तज्ज्ञाच्याही हाताबाहेर जाऊ शकते.

चांगला तंत्रज्ञ आधी मूळ डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, काढतो आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करतो. डेटा मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण निष्काळजीपणाने आहे तो डेटाही घालवला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डिस्कची अवस्था, धोका आणि डेटा न मिळाल्यास किती पैसे लागतील, हे लेखी ठरवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते.

रॅन्समवेअरमुळे डेटा अडकला असेल तर आणखी एक नियम लागू होतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, कंपन्या आणि सेवा पुरवठादारांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते.

न्यायालयात पुरावा कधी टिकतो? जालन्याचा धडा

या विषयावरचा देशातला एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या खटल्यातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची वेळ उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप घेण्यात आला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रीकरण झाले होते, आणि सगळा वाद त्या चित्रीकरणाच्या सीडींवर येऊन ठेपला. त्यासाठी लागणारे कलम ६५ब चे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवला, कारण त्याला इतर पुराव्याचाही आधार होता. तोवर पुढची विधानसभा निवडणूकही होऊन गेली होती.

या निकालाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. सीडी, पेनड्राइव्ह किंवा छापील प्रत अशा दुय्यम स्वरूपात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच, उदाहरणार्थ स्वतःचा लॅपटॉप किंवा मोबाइल, मालकाने साक्षीला उभे राहून न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि संबंधित व्यक्ती प्रमाणपत्र देत नसेल तर ते देण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, अनुक्रमांक यांच्याबरोबर हॅश मूल्यही लिहावे लागते.

हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची ठरावीक लांबीची ओळ. तिला फाइलच्या बोटाचा ठसा म्हणता येईल. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ पूर्ण बदलते. जप्तीच्या दिवशीचा हॅश आणि खटल्याच्या दिवशीचा हॅश सारखा असेल, तर मधल्या काळात मजकुरात फेरफार झाला नाही हे दाखवता येते. म्हणूनच फॉरेन्सिक तज्ज्ञ मूळ डिस्क राइट-ब्लॉकर लावूनच जोडतात. राइट-ब्लॉकरमुळे डिस्क वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिले जात नाही. उपकरण कोणाकडून कोणाकडे, कधी गेले याची अखंड नोंदही ठेवली जाते. तिला चेन ऑफ कस्टडी म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसता जोडून पाहिलेला लॅपटॉप या कसोटीत मागे पडू शकतो, कारण यंत्र सुरू करताच शेकडो फाइलच्या वेळांच्या नोंदी बदलतात.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचे?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९अ नुसार केंद्र सरकार इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक अधिसूचित करते. हा दर्जा केंद्र किंवा राज्य सरकारच्या विभागांना आणि संस्थांनाच मिळू शकतो. खासगी प्रयोगशाळा या कलमाखाली परीक्षक होऊ शकत नाही. फौजदारी प्रकरणांतील उपकरणे पोलीस बहुधा सरकारी प्रयोगशाळांकडे पाठवतात. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे.

याचा अर्थ खासगी तज्ज्ञाला न्यायालयात स्थान नाही असा नव्हे. साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार एखाद्या विषयात विशेष कौशल्य असलेल्या व्यक्तीचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. दिवाणी दावे, कौटुंबिक वाद आणि कंपन्यांतील अंतर्गत चौकशी यांत खासगी तज्ज्ञांचे अहवाल वापरले जातात. पण उलटतपासणीत त्यांना शिक्षण, अनुभव, वापरलेली साधने आणि प्रत्येक पायरीची नोंद यांविषयी उत्तरे द्यावी लागतात. प्रमाणपत्राचा दुसरा भाग भरणाऱ्या तज्ज्ञाची किमान पात्रता त्या नमुन्यात ठरवून दिलेली नाही, त्यामुळे अशी तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते.

जोडीदाराचा फोन, कंपनीचा लॅपटॉप

‘बायकोच्या फोनमधले डिलीट केलेले मेसेज काढून द्या’ किंवा ‘नवऱ्याचा लॅपटॉप उघडून द्या’ अशी मागणी घेऊन लोक रिकव्हरीवाल्यांकडे येतात. लग्न झाले म्हणून जोडीदाराच्या उपकरणाची मालकी मिळत नाही. कलम ४३ मध्ये मालकाची किंवा ताबा असलेल्याची परवानगी लागते, आणि पती-पत्नीसाठी त्यात वेगळी सूट नाही. काम करून देणारा तंत्रज्ञही या कलमाच्या कक्षेत येतो, कारण अशा प्रवेशाला मदत करणे हेही त्यात नमूद आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात, पती-पत्नीमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येते असा निकाल दिला. पण पुरावा ग्राह्य ठरणे आणि तो मिळवताना कायदा न मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची मालक कंपनी असते. कर्मचाऱ्याने तो परस्पर बाहेरच्या दुकानात दिला आणि डेटा फुटला, तर प्रश्न त्या कर्मचाऱ्यालाही विचारला जातो.

पोलिसांनी उपकरण जप्त केले तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक आहे. पंचनाम्यात उपकरणाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक किंवा आयएमईआय क्रमांक आहे का, ते सीलबंद केले का आणि हॅश मूल्य नोंदवले का, याकडे उपकरणाच्या मालकाने लक्ष द्यावे. पुढे फेरफाराचा वाद निघाला तर याच नोंदी कामी येतात.

तक्रार कुठे करायची?

सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि वकील असणे सक्तीचे नाही.

डेटाची चोरी किंवा नुकसान यांच्या भरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात न्यायनिर्णय अधिकारी नेमलेला आहे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात आणि त्यांच्या आदेशावर दिल्लीतील टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे अपील होते. ही सोय २००० सालच्या कायद्यापासून आहे, पण सामान्य ग्राहकाला ती क्वचितच माहीत असते.

गुन्हा घडला असेल तर जवळचे पोलीस ठाणे, सायबर पोलीस ठाणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करावा.

यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी

यंत्र चालू होत असेल तर आधी बॅकअप घ्यावा आणि खासगी फाइल काढून ठेवाव्यात. मेल, बँक आणि समाजमाध्यमांच्या खात्यांतून बाहेर पडावे. शक्य असेल तर दुकानासाठी वेगळे, साध्या अधिकारांचे खाते तयार करून त्याचाच पासवर्ड द्यावा. बॅटरी किंवा स्क्रीन बदलण्यासाठी पासवर्ड कशाला हवा, असे विचारायला संकोचू नये. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, डिस्कची क्षमता आणि नेमके काम लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग, विशेषतः हार्ड डिस्क, परत मागावी. यंत्र घरी आल्यावर मुख्य पासवर्ड बदलावेत.

यंत्रातला मजकूर खटल्यात लागणार असेल, तर ते दुरुस्तीला देऊच नये. बंद करून, आहे त्या स्थितीत बाजूला ठेवावे आणि आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

दुकानदारांसाठीही लेखी पद्धत फायद्याची आहे. कामाची व्याप्ती आणि संमती पावतीवर घेणे, पासवर्ड काम संपताच नष्ट करणे, रिकव्हरीची प्रत किती दिवसांनी पुसणार हे सांगणे आणि कारागिरांना ग्राहकाच्या फाइल न उघडण्याची स्पष्ट ताकीद देणे, एवढ्याने बरेच वाद टळतात. परवान्याची अट नसलेल्या या व्यवसायात, आरोप झाला तर दुकानदाराच्या बाजूने बोलणारा कागद बहुधा ही पावतीच असते.